नाव न घेतलेला नथू

नायगावच्या खाडीकाठचा प्रल्हाद नोकरीतून निवृत्त झाला आणि पहिल्याच महिन्यात त्याने घरच्यांना वैतागवून सोडलं. नळ दुरुस्त कर, पंखा उघड, शेजाऱ्याला सल्ला दे. शेवटी मुलगी रीमा म्हणाली की बाबा, गिरीजला दर महिन्याला कुळाचा इतिहास कसा शोधायचा यावर बोलणं होतं, तिथे जा आणि आम्हाला जरा मोकळं सोडा. तो गेला, आणि काय सांगावं, माणूस पार वेडाच झाला त्या नादात.

तिथे सिप्रियन मास्तर बोलायचे. निवृत्त शिक्षक, आवाज असा की मागच्या रांगेतल्यालाही डुलकी घ्यायची सोय नाही. ख्रिस्ती घरच्यांना ते चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचायला शिकवत, आणि बाकीच्यांना सांगत की रडू नका, तुमच्याकडे म्हाताऱ्या आहेत. आधी जिवंत माणसाला विचारा, मग कागदाकडे वळा. आणि विचारताना उत्तर त्याच्या तोंडात घालू नका.

प्रल्हादने मोठ्या कागदावर आपली वंशावळ मांडली. तो, त्याच्या वर वडील नथू, त्यांच्या वर आजोबा हिरू. पुढे सगळं कोरं. सातबारा काढला, तर तोही आजोबांपासूनच सुरू. आईला पणजोबांचं नाव विचारलं, तर हंसाबाई म्हणाल्या, “ते थोरले. आनखी काय नाव असनार?” थोरले म्हणजे थोरले, विषय संपला.

खरं सांगायचं तर प्रल्हादला पणजोबा नको होते, त्याला सुमेध हवा होता. सुमेध त्याचा चुलतभाऊ, म्हणजे दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. लहानपणी दोघे एकत्र खाडीत डुंबायचे. मग दोन्ही घरांच्या बापांचं काहीतरी बिनसलं, बोलणं तुटलं, आणि सुमेधचं घर उठून निर्मळला गेलं. गावात लोक एवढंच म्हणायचे की नथूने खाडीचा बांध राखला नाही, म्हणून या कुळाचं भाताचं शेत खारं झालं. आता सुमेधच्या बापाचं नावही नथूच होतं. लहानग्या प्रल्हादने विचारलं होतं की कोणता नथू, आपले बाबा का? आई कडाडली होती, आपल्या घरातला नाही, तिकडचा. तेव्हापासून बांध तिकडच्यानेच घालवला हे घरात पक्कं झालं. आता रीमाचं लग्न तोंडावर आलं होतं. तिचा काका म्हणून सुमेध मांडवात उभा राहावा ही प्रल्हादची फार इच्छा. आई मात्र ठाम होती. तिकडचं माणूस मांडवात आलं, तर ती लग्नात घास घेणार नव्हती. आईला उपाशी ठेवून पोरीचं लग्न कोण करणार?

पुढच्या भेटीला मास्तरांनी सगळ्यांना आपापले कागद भिंतीला लावायला सांगितले. प्रल्हाद टेप चिकटवत होता, तर शेजारच्या कागदावरचा हात ओळखीचा वाटला. वळून बघतो तर काय, सुमेध! केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण हसू तेच.  दोघेही एकमेकांच्या वंशावळीकडे बघत राहिले, जशी काही परीक्षाच होती.

सुमेधच्या कागदावर तो, वर वडील नथू, वर आजोबा बाळू, आणि वर कोरं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, थोरले.

सुमेधने हळूच विचारलं की तुमच्याकडे बांध कोणी घालवला म्हणतात? प्रल्हाद ओशाळला आणि म्हणाला, तुझ्या वडिलांनी. सुमेध म्हणाला, कमालच झाली, आमच्याकडे तर तुझ्या वडिलांनी.

मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांनी दोन्ही कागदांवरच्या दोन नथूंवर बोट ठेवलं.

“तुमच्यात जुन्या काळी पहिल्या नातवाला नाव कोणाचं ठेवायचे?”

“आजोबांचं,” दोघे एकदमच म्हणाले, आणि दोघांचीही नजर वरच्या कोऱ्या जागेवर गेली.

म्हणजे थोरलेही नथूच! हिरू आणि बाळू या दोन भावांनी आपापल्या थोरल्या मुलाला आपल्या बापाचंच नाव दिलं होतं. आणि घरातल्या बायकांनी ते नाव कधी तोंडातून काढलंच नाही. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सुना थोरले म्हणायच्या, आणि तेच नाव मुलाचं, तर त्यालाही दाद्या म्हणायच्या. पुढच्या सुनांना तर नवऱ्याचंच नाव, मग विचारूच नका. असं दोन्हीकडे झालं. मूळ नथू कुणाला ठाऊकच राहिला नाही.

मास्तर म्हणाले की अजून सिद्ध काही झालेलं नाही, शेत खारं कधी झालं ते शोधा.

प्रल्हाद घरी आला. हंसाबाई ओटीवर वाल सोलत होत्या. त्याने मास्तरांचा धडा पाळला, नाव कुणाचंच काढलं नाही. एवढंच विचारलं की आई, खाडी शेतात शिरली कधी?

“मना काय म्हाईत? मी आले तवा शेतान खारंच पानी. माजी सासू तर सांगं, तिचे लगनानच इकतचा तांदूळ शिजला.”

प्रल्हाद तिच्याजवळ खाली बसला. सासूच्या लग्नात विकतचा तांदूळ, म्हणजे शेत तेव्हाच खारं, आणि तेव्हा बाबांचा जन्मही झाला नव्हता. सुमेधचे वडील तर बाबांहूनही लहान. दोन्ही नथू कुठेच नव्हते, तेव्हा बांध गेलेला होता; लोक म्हणत तो नथू म्हणजे थोरले. त्याने आईला हे सगळं सावकाश उलगडून सांगितलं, थोरल्यांच्या नावासकट. हंसाबाईंचे हात थांबले. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसता डोळ्यांना पदर लागला. मग बाबा आणि सुमेधचे वडील का भांडले, असं प्रल्हादने विचारलं, तर त्या म्हणाल्या की ते आता वर जाऊन त्यांनाच विचारायला लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम सोडला की स्कूटर काढ, निर्मळला अक्षता द्यायला जायचंय. वय झालेली बाई, एवढ्या लांब मागे बसून, पदर कंबरेला खोचून. वाटेत प्रल्हादला दोनदा दम दिला की सावकाश चालव, पोहोचायचंय मला.

सुमेधच्या आईने दार उघडलं. दोघी म्हाताऱ्या उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड नुसत्या बघत राहिल्या.  सुमेध स्वयंपाकघराच्या दारात खिळून राहिला. मग हंसाबाईंनी जावेच्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि उभ्या जन्मात न केलेली गोष्ट केली.

“माजा नथू भांडखोर होता गो,” त्या म्हणाल्या. “नि तुजाबी.”

सुमेधच्या आईने अक्षतांची मूठ घट्ट मिटली.

“माजा नथू जास्त होता,” ती म्हणाली, आणि हात धरून त्यांना आत घेऊन गेली.