सहा आठवड्यांचा शब्द

“फ्लिंडर्स!”

“चिंधड्या. पुढचा.”

“ब्रकल?”

“हात लावताच मोडेल असं. अगं, हा तर मी बालवाडीतल्या पोरांनाही लिहून देते!”

हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत प्लास्टरमावशी आज टेबलाच्या भलत्याच बाजूला बसली होती. तीस वर्षं जिथं ती प्लास्टर घालायला लोकांचे हात धरायची, तिथं आज डॉक्टरांनी तिचाच उजवा हात धरला होता. सकाळी ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मनगट मोडलं. शेजारी तिची दहावीतली भाची. घरात तिला सगळे टकळी म्हणत. मावशीचा जाडजूड कोश मांडीवर घेऊन ती एकेक शब्द फेकत होती.

हा कोश मावशीला हॉस्पिटलच्या अडगळीत सापडला होता. वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा. मावशी स्वतः इंग्रजीत काठावर पास, पण त्यात मोडक्या-तुटक्या वस्तूंचेच इतके शब्द निघाले की बाई हरखून गेली. त्या काळी पोरं प्लास्टर काढायला वेळेवर येतच नसत. कुणी घरी भिजवून सोलायचं, कुणी सुरी चालवायचं, आणि हाड वाकडं बसायचं. मावशीनं शक्कल लढवली. प्रत्येकाच्या प्लास्टरवर निळ्या पेनानं एक शब्द लिहायचा आणि अर्थ सांगायचा नाही. “अर्थ सहा आठवड्यांनी. इथंच.” झालं! ठरल्या दिवशी पोरं दारात हजर. मोठी माणसंसुद्धा. एक बस कंडक्टर ‘फ्रश’साठी रजा टाकून आला. अर्थ निघाला ‘ठिसूळ’. “बायको तीस वर्षं हेच म्हणतेय,” म्हणत हसत गेला.

“मला नको शब्द,” मावशी म्हणाली. “चार आठवड्यांत मी हे कापणार. बदलीवर येणारा तो बाबा प्लास्टर घालतो की पोतं शिवतो, देव जाणे.”

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. “मावशी, आधी काढलंत तर मनगट वाकडं बसेल. मग प्लास्टरचं ओलं बँडेज पिळायचा जोर गेला, आणि ही खोलीही गेली. चादरींच्या घड्या घालत बसाल.”

“हे मी लोकांना सांगते हो!”

“मग एकदा ऐका की!”

डॉक्टर गेले. मावशीची नजर कपाटातल्या प्लास्टर कापायच्या करवतीकडे गेलेली टकळीनं बरोबर टिपली. आता हिला थोपवणार कसं? शब्दानंच. पण न येणारा शब्द हवा ना!

“क्रेझ?”

“तडा जाणं. पूर्वी. हल्ली तुम्हाला नटांची असते, ती नव्हे.”

टकळी पानं उलटत सुटली आणि एकदम थांबली. ‘आर’ संपला की थेट पुठ्ठा! ‘एस’पासून पुढचा सगळा कोश अडगळीतच वाळवीनं फस्त केला होता.

दुसऱ्या दिवशी अख्खी मधली सुट्टी तिनं शाळेच्या लायब्ररीत काढली. संध्याकाळी मावशीच्या प्लास्टरवर ठळक अक्षरांत शब्द उमटला: स्पेल्क.

“म्हणजे?”

“सहा आठवड्यांनी. इथंच.”

“आगाऊ कार्टे!”

पहिला आठवडा मावशीनं तोऱ्यात काढला. दुसऱ्यात अंदाज सुरू झाले. फुटलेलं मडकं? गळका पाइप? तुटलेली चप्पल? टकळी नुसती मान हलवायची. चौथ्या आठवड्यात शाळेतून घरी येते तोच हॉस्पिटलमधून मावशीचा फोन आला. पलीकडं घर्रर्र.

“करवत चालू केलीय. अर्थ सांग, नाहीतर कापते.”

“काप खुशाल. मग अर्थ कधीच नाही.”

घर्रर्र चालूच राहिली. मग आवाज बंद झाला, आणि मावशी म्हणाली, “दुष्ट आहेस.”

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात बारीक, पांढुरका, जणू दुसऱ्याच कुणाचा.

“बोल आता.”

“मोडलेल्या हाडाला आधाराला बांधतात ना, ती कामटी. तिला म्हणायचे स्पेल्क.”

कापलेल्या प्लास्टरच्या दोन फाका मावशीनं जोडून बघितल्या आणि बाजूला ठेवल्या.

बाहेर बाकावर एक मुलगी कोपर धरून हुंदके देत होती. मावशी उठली.

“आज नको, मावशी,” डॉक्टर म्हणाले.

पण बँडेजचा गुंडा कोमट पाण्यात गेलाही होता. बुडबुडे थांबले, म्हणजे आतपर्यंत भिजलं. मावशीनं तो बाहेर काढून उजव्या मुठीत दाबला. पाणी जेमतेम चार थेंब निघालं.

टकळी पुढं धावली. मावशीनं मानेनंच तिला थांबवलं. मग उजव्या मुठीवर डावी मूठ ठेवली आणि दात-ओठ आवळून, सावकाश, पुन्हा पिळायला घेतलं.