न वाजणारी भाकरी

चंद्रव्वाच्या घरात भाकरी चोरीला जात होती, आणि चोर घरातलाच होता. भाकरी कडक, पापडासारखी वाळवलेली; खाल्ली की कुडुमकुडुम आवाज शेजारघरी जायचा. पण रोज पहाटे वेताच्या बुट्टीतली एक कमी व्हायची आणि आवाज म्हणाल तर नाही. म्हणजे चोर पक्का होता.

मुलगा शिवयोगी पूजेशिवाय तोंडात काही घालणारा नव्हता, नातू तान्हा. उरली सून, हेमावती. बाळंतपणापासून ती बदललीच होती. हसणं नाही, बोलणं नाही, लेकरू रडलं तरी भिंतीकडं बघत बसायची. हल्ली जरा हिंडूफिरू लागली, तर हे असलं सुरू. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, ही त्या घरची रीत. चंद्रव्वाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं सुनेच्या भावाला मैंदर्गीला निरोप धाडला, "चनबसप्पा, सोमवारी ये आन् बहिणीला घेऊन जा."

सोमवारी पहाटे ती स्वयंपाकघराच्या दाराआड दबा धरून उभी राहिली. हेमावती आली. तिनं भाकरी मोडून पाण्यात भिजत घातली आणि मऊ झाल्यावर भराभरा गिळली. अस्सं होय, म्हणून आवाज नाही. मग तिनं पदराची गाठ सोडून एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.

चंद्रव्वाच्या काळजात चर्र झालं. ते आणीबाणीचं साल, कुटुंबनियोजनवाले गल्लोगल्ली फिरत होते. तिनं पुढं होऊन सुनेचं मनगट धरलं. "पोरं बंद करायची गोळी न्हवं ही? खरं सांग."

"न्हाई, अव्वा. मनाच्या आजाराची हाय." हेमावती म्हणाली. "बाळ झाल्यापासनं आडात उडी घ्यावी वाटायचं. ह्यांनी डॉक्टरीणबाईंकडं नेलं. उठल्याबरोबर घ्यायची हाय. रिकाम्या पोटी घेतली की गरगरतं, म्हणून आदी खाती."

"मला सांगायला काय झालतं?"

"येडी म्हणून माहेरी धाडलं असतं की तुमी."

चंद्रव्वाचा हात सुटला. आडापाशी ही कितीदा तरी घागर न बुडवता उभी दिसली होती. कामचुकार म्हणून आपणच हिला फैलावर घेतलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि भीतीही.

दुपारी चनबसप्पा दारात उभा. "अव्वा, काय चुकलं माज्या बहिणीचं?"

भावाला बघून हेमावतीचा चेहरा पडला. लेकराला छातीशी धरून ती सासूकडं बघत राहिली. चंद्रव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"कुटं काय? भाच्याला बघायला बोलावलं की."

"आन् घेऊन जायाचा निरोप?"

"बदलला निरोप. जेव आन् जा. माजी सून कुटं येत न्हाई."

चनबसप्पाला काही ते पटलं नाही. जेवताना तो दोघींकडं आळीपाळीनं बघत होता, पण बहिणीनं 'विचारू नको' अशी मान हलवल्यावर त्यानं ताटात लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रव्वा पूजेला बसली. लिंग तळहातावर, कान मात्र सवयीनं स्वयंपाकघरात. बुट्टी सरकली. वाटीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"भिजवू नगंस," चंद्रव्वा पूजेवरूनच म्हणाली. "कोरडी खा, शेंगाचटणी घेऊन."

वाटीतलं पाणी मोरीत ओतलं गेलं. मग हळूच कुडुम झालं, पाठोपाठ आणखी एकदा. चंद्रव्वानं डोळे पुसले आणि लिंगाला भस्म लावायला घेतलं.