निळ्या दिव्यातला दोस्त

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि दीडशे माणसं श्वास रोखून एकाच माणसाकडे बघत होती. फौजेतून परतलेल्या टकळीच्या बाबांकडे.

"येऽऽ! सांडलेल्या रक्ताची आण आहे तुला!" भूत उतरवणारे महाराज गरजले. त्यांच्या सेवेकरी मावशींनी निळ्या काचेचा दिवा लावून बाबांसमोर ठेवला. क्षणभर काहीच नाही. मग बाबांची बोटं गुडघ्यावर आवळली, कपाळ घामानं डबडबलं, आणि "खाली! सगळे खाली!" असं ओरडत त्यांनी स्वतःला जमिनीवर झोकून दिलं.

"आला!" महाराजांनी गर्दीकडे विजयी नजर टाकली. "लढाईत मेलेला याचा दोस्त! 'मला टाकून जिवंत आलास' म्हणतोय. आठवड्यानं पाठीवर तापल्या सळीचे तीन डाग देऊ, मग निघेल. आणि डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद! गोळ्यांनी भूत सुस्तावतं, चिकटून बसतं."

भूतही गोळी खाऊन पेंगतं, हे टकळीला नवीनच होतं. नववीतली ही मुलगी एरवी बडबडीनं घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तर टकळी. आज मात्र ती गप्प होती. सलग तिसऱ्या बैठकीत तिनं तेच पाहिलं होतं: महाराज घसा फोडत होते तोवर बाबा शांत, निळा दिवा पेटला की बोटं आवळली. आणि तो वास! इमारतीचा जनरेटर सुरू झाला की येतो तोच. तेव्हाही बाबा जिन्याखाली जाऊन बसायचे.

घरी आल्या आल्या तिनं आईला गाठलं. "आई, जनरेटरचं तू कुणाला बोललीस?"

"मी कशाला कुणाला... पहिल्या दिवशी रांगेत त्या दिवा लावणाऱ्या मावशी होत्या. इतक्या मायेनं विचारलं गं. कधी होतं, कशानं होतं. दोस्त पेटत्या गाडीत गेला, तेही सांगितलं."

"मग महाराजांना दिव्यदृष्टी कशाला हवी? मावशी आहेत की!"

"तोंड आवर! दोन महिने गोळ्या खाऊन काय झालं? झोप आहे का त्यांना? मी काय करू, सांग ना!" आईचा आवाज फाटला.

आतून बाबा म्हणाले, "बसू दे डाग. मी सुटलो, तो नाही सुटला. रागावला असेल तर त्याचं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच टकळी बाबांच्या डॉक्टरबाईंकडे धावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मीही येते. पण आधी बाबांना सांग. त्यांना अंधारात ठेवून काही करायचं नाही."

डागाच्या दिवशी सकाळी तिनं बाबांना वासाचं, मावशींचं, सगळं सांगितलं. "आज दिवा मी भरते. चालेल?"

बाबा म्हणाले, "सळी तापायच्या आत भर म्हणजे झालं."

मावशी रांगेत एका नव्या बाईच्या गळ्यात गळा घालून बसल्या होत्या. टकळीनं दारामागच्या टेबलावरचा निळा दिवा बाटलीत रिकामा केला, वात बदलली आणि घरचं खायचं तेल ओतलं. घाईत अर्धं तेल फ्रॉकवर सांडलं.

शेगडीत सळी लाल झाली. दिवा पेटला.

"येऽऽ!"

बाबा बसून.

"ये म्हणतो ना!"

बाबांनी कान खाजवला.

"भूत आज रजेवर दिसतंय," मागून कुणीतरी पुटपुटलं. खसखस पिकली. महाराजांचा चेहरा काळवंडला. "लबाड लपलाय! धरा रे याला!" दोघांनी बाबांचे दंड धरले, सळी शेगडीतून बाहेर आली.

"सळी खाली ठेवा!" टकळी मध्ये उभी राहिली. धग तिच्या गालाला लागत होती. "दिव्यात काय होतं ते माझ्याकडे आहे! काका, ही बाटली दाराबाहेर नेऊन उघडा. बाबांजवळ नको."

शेजारचे ट्रकवाले काका बाहेर गेले नि लगेच परतले. "अहो, हे डिझेल! आमचं रोजचं अत्तर!"

एकच गलका झाला. दंड धरणाऱ्यांनी हात सोडले. मावशींनी दाराकडे पाहिलं, पण तिथे काका उभे होते.

डॉक्टरबाई पुढे आल्या. "मेंदूत धोक्याची घंटा असते. लढाईत ती सतत वाजते, म्हणून माणूस वाचतो. काहींची नंतरही बंद होत नाही. 'हे तेव्हाचं, हे आत्ताचं' अशी नोंद ठेवणारा भाग मागे पडतो, आवर घालणारा भाग थकतो. मग एक वास आला, की शरीर पुन्हा त्या जळत्या गाडीशी पोचतं. हे भूत नाही, नाटक नाही, भित्रेपणा तर नाहीच. ही जखम आहे. औषधानं, बोलण्यानं हळूहळू भरते. दोन महिन्यांत नाही भरत प्रत्येकाची."

बाबा उठले. महाराजांना म्हणाले, "तो माझ्यावर चिडणारा नव्हता हो. शेवटचं 'पळ' म्हणाला होता मला. तुम्ही त्याच्या तोंडी भलतंच घातलंत, आणि मी ते खरं मानलं." आणि ते रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. आईनं धावत येऊन त्यांना जवळ घेतलं.

तुमच्याही घरात कुणी दचकत असेल, तर सळी तापवू नका. आधी विचारा, कशानं होतं? मग त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा. आणि हे गुपित रांगेतल्या गोड मावशीला सांगू नका.