पावडर लावलेला हात

बायकोच्या हातचं बोटं चाटून खाणारे नवरे आपल्याकडे पोत्यानं सापडतात. पण त्याच हातांना चार लोकांनी टाळ्या दिल्या, की या मर्दांच्या पोटात मुरडा येतो! संजीवच्या पोटात तो रविवारी सकाळी आला, चहाच्या दुसऱ्या घोटाला.

कॉलनीचे अध्यक्ष मधुकरराव समोर बसले होते. दोन वर्षं सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात नाण्याची जादू संजीवच करायचा. तो भाव खात म्हणाला, "यंदा नवीन आयटम बसवून राहिलो, मधुकरराव."

"बसव ना गा! पण यंदा वहिनीले चान्स देऊ. हळदीकुंकवाचा व्हिडिओ पाह्यला ना साऱ्या ग्रुपनं! तिळाच्या लाडूतून नाणं काढलं त्याइनं, बापरे!"

संजीव हसला. करपलेल्या भाकरीवर तूप लावावं, तसं ते हसणं होतं.

जादू कुणाची? त्याची! बुटीबोरीच्या कापड मिलमधून थकून यायचं आणि कपाटाच्या आरशासमोर मोबाइल लावून नाण्याशी झटायचं. नाणं तळहाताच्या खोबणीत दाबून धरायचं आणि तरी हात रिकामा दिसला पाहिजे, एवढं साधायलाच त्याला आठ महिने लागले. त्याची बायको रोशनी समोर मेथी निवडत बघायची. नाणं पडलं की उचलून द्यायची. एक दिवस तिनं उचललं आणि मूठ उघडली, तर नाणं गायब! उमरेडच्या माहेरी हातमागावर तुटलेले धागे सांधत वाढलेली बोटं ती. त्यांना आठ महिने कशाला लागतात?

तेव्हा संजीव "वा!" म्हणाला होता. चार भिंतींच्या आत "वा" म्हणायला काय जातं?

सव्वीस तारखेला सकाळी निघताना रोशनीनं तळवे त्याच्यापुढे धरले. "अवो, हाताले घाम येऊन राहिला. नाणं निसटन का?"

संजीवला उत्तर पाठ होतं. थोडा घाम असला तरच नाणं कातडीला धरून राहतं; गुळगुळीत हातावरून ते घसरतं. पहिल्या वर्षी पावडर लावून त्याची स्वतःची फजिती झाली होती. तरी तो म्हणाला, "पावडर लाव. भरपूर लाव वं. मोठे जादूगार हेच करतेत."

तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. अर्धा डबा हातावर पालथा केला.

झेंडावंदन झालं, बुंदीची पाकिटं वाटली गेली, आणि रोशनी स्टेजवर गेली. नाणं सगळ्यांना दाखवलं, मूठ मिटली, फुंकर मारली. मूठ उघडायच्या आतच टण्ण! नाणं फळीवर पडलं आणि घरंगळत स्टेजवरच बसलेल्या मधुकररावांच्या बुटापाशी थांबलं.

मागून पिंटू किराणावाला ओरडला, "वहिनी, पोळ्या लाटा! हे काम नवऱ्याले करू द्या!"

मंडप खिदळला. सगळ्यांत आधी संजीव हसला.

रोशनीनं माइक तोंडाजवळ घेतला. "चूक माही हाय. माह्या गुरूनं बरोबरच शिकवलं व्हतं."

"दम घ्या वहिनी, पाच मिनिटं," मधुकरराव म्हणाले. "तोवर पोरीइचं गाणं होऊ द्या."

गाणं सुरू झालं. संजीवच्या शेजारी त्याचे वडील बाबनराव बसले होते, खांद्यावर स्वतः विणलेलं लाल काठाचं उपरणं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "सूनबाईच्या हाताले पावडर कोनं लावाले सांगितली?"

संजीवनं बुंदीचं पाकीट उघडलं.

"मले आंधळा समजतं का बे? चाळीस वर्षं मागावर बसलो. धागा सांधाले बोट ओलं लागते. पावडरीचं बोट काय धरन?"

"बाबा, जादू माही व्हती! मले इचाराले पायजे व्हतं लोकाइनं!"

"असं? मंग ऐक. तुही माय सुताच्या कांड्या भरे, धाग्याले खळ लावे, तुटलेला धागा सांधे. अन् बजारात लुगडं कोनाचं? बाबनरावचं! या उपरण्याचा काठ पाह्य. हा नमुना सुभद्रेच्या डोक्यातला. लोकं म्हनत, वा बाबनराव! अन् मी मान डोलवो. ते मरून गेली, पन तिचं नाव म्या कोनापाशी घेतलं नाही. मी चूप बसून चोर झालो. तू तं माह्यापेक्षा पुढं गेला! तू सांधनारीचे हातच बाद केले!"

संजीवनं स्टेजच्या कडेला पाहिलं. रोशनी ओठ हलवत, रिकामी मूठ पुन्हा पुन्हा मिटून पाहत होती. आपलं कुठं चुकलं, ते शोधत होती! नवऱ्यावर संशय तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

त्याला स्वतःचीच किळस आली. गाणं संपताच तो स्टेजवर चढला.

"नाणं हिच्या चुकीनं नाही पडलं!" माइकमध्ये त्याचा आवाज फाटला. "पावडर म्या लावाले सांगितली. मुद्दाम! हिच्या टाळ्या मले पाहवल्या नाही!"

त्यानं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला केला आणि तिचा हात धरायला गेला. रोशनीनं हात मागे घेतला. रुमाल घेऊन तळवे स्वतःच पुसले.

"खाली बसा," ती हळूच म्हणाली. "घरी बोलू."

मग तिनं नाणं उचललं. मूठ मिटली, उघडली. गायब! ती पायऱ्या उतरून सरळ पिंटूपाशी गेली आणि त्याच्या बुंदीच्या पाकिटातून ते नाणं काढलं.

"भाऊ, सकाळच्या पोळ्याही याच हातानं लाटल्या!"

काय टाळ्या पडल्या! संजीवनंही वाजवल्या. आत अजून जळत होतं, खोटं कशाला सांगू? पण वाजवल्या, हात लाल होईस्तोवर.

निघताना मधुकररावांनी बाबनरावांच्या खांद्याला हात लावला. "काठ मस्त हाय, काका. तुमचाच हात ना?"

"विनलं म्या," म्हातारा म्हणाला. "काठ माह्या बायकोचा. सुभद्रा नाव व्हतं तिचं."

वाचकहो, मत्सर कुणाला होत नाही? होतो! पण त्याच्या नादानं घरातल्याच माणसाच्या हाताला पावडर फासणं हा गुन्हा आहे, आणि बायकोचं श्रेय गिळून गप्प बसणं हा त्याचाच सख्खा भाऊ. ज्या हातांवर तुमचं घर चालतं, त्यांचं नाव चारचौघांत घ्या. ती हयात आहे तोवर घ्या!