शेकडा एकाहूनही कमी

रविवारच्या पुरवणीत सुनेचा लेख आला की सासरे तो चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवत. सून वर्तमानपत्रात आकडे सोपे करून सांगायचं काम करी. महागाई असो की अपघात, कसलाही आकडा ती वाचकांच्या गळी उतरवी, म्हणून घरात तिला कौतुकाने 'आकडेबाई' म्हणत. आजचा लेख फोनवर माणसासारख्या गप्पा मारणाऱ्या यंत्रावर होता. त्याच्याशी बोलणाऱ्यांपैकी किती जण 'मला जगायचं नाही' असं त्याला सांगतात, ते यंत्राच्या कंपनीने जाहीर केलं होतं. आकडेबाईने मथळा दिला होता : 'घाबरू नका, शेकडा एकाहूनही कमी!' माणसं मोजली तर ती काही लाख भरत होती. ते वाक्य तिने अगदी तळाशी टाकलं होतं, जिथवर वाचणारा सहसा पोचत नाही.

"बघा!" सासरे खूश झाले. "लोक उगाच राईचा पर्वत करतात. बसल्या जागी नसते उद्योग, दुसरं काय!"

"घरात वळण नसलं की असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे कान दाराकडे होते. धाकट्याचं लग्न ठरलं होतं आणि व्याही इतक्यात यायचे होते.

धाकटा, म्हणजे आकडेबाईचा दीर, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो कप विसळायला उठला आणि कप हातात धरून तसाच उभा राहिला.

"वहिनी, त्या एकाहून कमीत मी आहे."

सासूबाईंनी आधी खिडकी लावून घेतली. मुलगा जगायचं नाही म्हणतो आणि आई आधी खिडकी लावते! बाई काही दुष्ट नव्हत्या. लग्न ठरलेल्या घरात मनाच्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, एवढंच त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. पाय मोडला तर आपण भेटेल त्याला सांगतो आणि मन मोडलं की तोंडावर बोट ठेवतो, हे कसलं शहाणपण?

"लग्न झालं की आपोआप ठीक होतं रे," त्या म्हणाल्या. "आज जरा हसून बस. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

आकडेबाईने सरळच विचारलं, "भाऊजी, मरावंसं वाटतं? आजसुद्धा?"

"आज जास्त."

"मग थांबायचं कशाला? चपला घाला. मोठ्या दवाखान्यात आजही डॉक्टर असतात."

"अगं, चार लोकांत नाक कापलं जाईल आमचं!" सासरे ओरडले.

"नाक जाऊ दे, बाबा. माणूस जायला नको."

जिन्यातच व्याही भेटले. "अरे, आम्ही येतोय आणि तुम्ही कुठे निघालात?"

"दुकानात काम निघालंय जरा..." मागून सासूबाईंनी सावरून घेतलं.

आकडेबाई दिराकडे वळली. "सांगू?" त्याने मान डोलावली.

"डॉक्टरांकडे चाललोय," ती म्हणाली. "भाऊजींना जगणं नको झालंय. आधी उपचार, लग्नाचं मागाहून बोलू."

व्याह्यांचा चेहरा उतरला. ते भिंतीला सरकले आणि त्यांनी वाट दिली. ठरलेलं लग्न राहील की मोडेल, हे त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आकडेबाई थांबली नाही.

बसमध्ये तिने त्याचा हात घट्ट धरला. "ते यंत्र काय म्हणालं तुम्हाला?"

"म्हणालं, घरातल्या कुणाला तरी सांगा."

"मग का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"सांगितलं की. परवा रात्री सगळे जेवत होतो. म्हटलं, सकाळ होऊच नये असं वाटतं. बाबा म्हणाले, लग्नाआधी सगळ्या नवरदेवांचं असंच होतं. तुम्ही सगळे हसलात. मग मीही हसलो."

तिला ते जेवण आठवलं. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती. यंत्राने जे ऐकलं त्याचा निदान आकडा तरी झाला. घराने जे ऐकलं नाही, ते कोण मोजणार? शरमेने तिचे डोळे भरून आले.

"पुढच्या रविवारी मी तो लेख पुन्हा लिहिणार," ती म्हणाली.

"माझं नाव टाकाल?" त्याने घाबरून विचारलं.

"तुमचं नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं टाकेन, आणि पहिलं माझं."