दानशूर विनीतचं बोट

सुनेच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर टाकला आणि उत्तराबाईंचा चहा संपायच्या आत निकाल आला. सुनेला, समीक्षाला, चौथा महिना लागला होता. नौपाड्यातल्या डॉक्टर हेमांगीनं दोघींना समोर बसवून सरळच सांगितलं.

"सिफिलिस निघालाय. पूर्वी गरमी म्हणत ना काकू, तोच. पक्की तपासणी पाठवतेच. पण त्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही. आज दिलं तर बाळ वाचेल. आणि नवऱ्याला बोलवा. त्याचा इलाज झाला नाही तर हिला पुन्हा होईल."

उत्तराबाईंना त्यांची थोरली जाऊ आठवली, कलावती. तीन मुलं पोटातच गेली बिचारीची. तेव्हा रक्ताचा निकाल यायला आठवडा लागला, हेच निघालं, पण तोवर घरानं तिला पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडलं होतं. भाऊजींचं रक्त कुणी मागितलंच नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि सुपारी कातरत आरामात जगले.

समीक्षाचा नवरा विनीत डोंबिवलीहून आला तो तणतणतच.

"पंधरा मिनिटांत काय कळतं? नूडल्स आहेत काय? मोठ्या लॅबमध्ये पाठवा, लागू देत आठ दिवस." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "ही महिनाभर खडवलीला माहेरी राहिलेली. तिकडचं काय ते विचारा हिला."

ही भाषा उत्तराबाईंच्या ओळखीची होती. भाऊजी असंच बोलत.

"तुमचं बोट द्या," हेमांगी म्हणाली.

"माझं? मॅडम, मी मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देतो. तपासूनच घेतात ते!"

खरंच होतं. विनीतचं दातृत्व अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. खाटेवर आडवा, अंगठा वर, असे त्याचे फोटो चौकातल्या फलकावर लागत. यंदा मात्र तो आडवा पडला नव्हता. मंडळाचा टी-शर्ट घालून नुसती बिस्किटं वाटत हिंडला होता.

"यंदा का नाही दिलंस रे?" उत्तराबाईंनी विचारलं.

"अगं, वीकनेस होता जरा."

"काही निघालं तर रक्तपेढी फोन करून बोलावते," हेमांगी शांतपणे म्हणाली.

विनीत उगाच खिसा चाचपू लागला.

"आला होता फोन?" हेमांगीनं विचारलं.

"आलेला... लग्नाच्या आधी. मला वाटलं, काहीतरी व्हिटॅमिन विकत असतील."

"रक्तपेढी व्हिटॅमिन विकते?"

"समुपदेशकाला भेटा म्हणाली ती बाई. मी नंबर ब्लॉक केला."

समीक्षा उठली. "डॉक्टर, मला इंजेक्शन द्या." पडद्यापाशी थांबून ती नवऱ्याला म्हणाली, "तू तपासून घे, इलाज पुरा कर, मग तोंड दाखव. तोवर मी खडवलीला. तिकडचं काय विचारायचंय ते बाबांनाच येऊन विचार."

पडद्यामागे दोन्ही कुल्ल्यांवर सुया टोचल्या गेल्या. आतून हूं का चूं आलं नाही.

इकडे परिचारिकेनं विनीतचं बोट धरलं. "हळू हां ताई, हळू!" त्यानं डोळे मिटून घेतले आणि दुसरा हात आईकडे पसरला, लहानपणी पसरायचा तसा. "आई, धर ना गं. आणि घरी कुणाला सांगू नकोस."

उत्तराबाईंनी तो गुबगुबीत हात क्षणभर पाहिला. मग खुर्चीवरची सुनेची पिशवी उचलून त्या पडद्याआड गेल्या.

"जरा पड, समीक्षा. मग निघू. खडवलीपर्यंत मीही येते. तुझ्या बाबांना खरं काय ते मीच सांगते."