गवताची तहान

१९७३च्या उन्हाळ्यात आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं, पण नियम भरपूर होते. ते मीच लिहिले होते, म्हणून खात्रीने सांगतो. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मी कारकून. धुळे आणि जळगाव यांच्या मध्ये कुठेतरी असलेल्या आमच्या गावाला एक जुनी खोड आहे. त्या दोन शहरांत जे असेल ते आपल्याकडेही पाहिजे. त्यामुळे गावात तीन बंगल्यांपुढे हिरवळ होती, आणि त्या तीन हिरवळींसाठी मी अकरा कलमांची जाहीर सूचना काढली. रबरी नळीने पाणी घालायला बंदी. घालायचंच तर घरात एकदा वापरलेलं, बादलीने, आठवड्यातून दोनदा. मोडल्यास नळ तोडला जाईल. खाली साहेबांची सही पडली तेव्हा मला स्वतःबद्दल आदर वाटला.

नवल म्हणजे नियम चालला. आमची गल्ली प्रकाशचंद शेठच्या बंगल्यामागे, त्याच पाइपाच्या शेवटाला. शेठच्या अंगणात नळी सुरू असली की गल्लीतल्या एकुलत्या नळातून नुसती हवा यायची. सूचना लागली आणि घरटी तीन घागरी मिळू लागल्या. आमच्या इंदिराबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या नोकरीबद्दल दोन बरे शब्द काढले.

हे सुख मला मानवलं नाही.

शेठची तेलाची गिरणी. जळगावला व्याह्यांच्या दारात हिरवळ बघून आले आणि महिन्याभरात त्याहून मोठी लावून घेतली. गंमत अशी की घरातलं कोणी तिच्यावर पाय ठेवत नसे. शेठच्या पत्नी राजकुंवरबाई धर्माच्या पक्क्या. हिरव्या गवतात जीव असतो, तो पायाखाली येऊ नये म्हणून त्या फाटकापासून दारापर्यंत कडेकडेने जात, आणि सुना त्यांच्या मागून. हिरवळ लावली होती ती साहेबलोकांसाठी. येत्या रविवारी नव्या गिरणीच्या परवान्याची पाहणी करायला मुंबईहून बडे साहेब येणार होते, आणि त्यांना गवतावर खुर्च्या टाकून चहा पाजायचा होता.

"लोटनभाऊ," शेठ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "नियम तुम्ही लिहिलाय. फट कुठे ठेवलीय ते तुम्हालाच ठाऊक."

आता, फट न ठेवता नियम लिहिणारा कारकून अजून जन्माला यायचाय. कलम अकरा : सबळ कारण असल्यास सवलत देता येईल. कारणही मीच शोधलं. अर्ज मीच लिहिला, शेठनी फक्त सही केली. 'अर्जदार जैनधर्मीय असून गवत सजीव आहे अशी त्याची श्रद्धा आहे. तहानलेल्या जिवास पाणी नाकारणे ही हिंसा होय, आणि नगरपालिकेच्या नियमामुळे ती अर्जदाराच्या हातून घडत आहे. तरी नळीने पाणी देण्याची सवलत मिळावी.' साहेबांनी वाचून डोळे पुसले, म्हणजे घाम पुसला, आणि सही केली. अर्ध्या दिवसात काम झालं. नव्या नळासाठी एका विधवेचा अर्ज माझ्याच कपाटात आठ महिने झोपून होता, पण तिला आपली तहान नीट मांडता आली नव्हती.

संध्याकाळी शेंगदाणा तेलाचा डबा घरी आला. सकाळी गल्लीच्या नळाला हवा आली.

"नळले थेंब नही शे," इंदिराबाई रिकामी घागर आपटत म्हणाल्या. "आनि हाऊ तेलना डबा कोठून उना?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी अर्जाची नक्कल काढली आणि वाचून दाखवली. भाषा खरोखर चांगली जमली होती.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "गवतले तहान लागस," त्या म्हणाल्या, "आनि गल्लीले?" मग डबा डोक्यावर घेतला, घागर कमरेवर, नक्कल माझ्या हातातून ओढली आणि चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. नक्कल सरकारी दप्तरातली होती.

राजकुंवरबाई व्हरांड्यात धान्य निवडत होत्या. इंदिराबाईंनी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि कागद माझ्या हातात दिला. "वाचा."

मी वाचला. अंगणात रमजान माळी नळी धरून उभा होता. पाण्याचा आवाज छान येत होता. राजकुंवरबाईंनी धान्याचं ताट बाजूला सारलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"भाषा माझी, भावना शेठची," मी म्हणालो.

"गवतात जीव आहे हे मी यांना तीस वर्षं सांगते आहे. कधी ऐकलं नाही. आता एकदम कागदावर लिहून दिलं." त्यांनी घागरीकडे पाहिलं. "घरात माणसं किती, बाई?"

"सात."

"त्या सात जिवांचं यात काही लिहिलंय का, लोटनभाऊ?"

मी कागदाची दुसरी बाजू बघितली. ती कोरी होती. राजकुंवरबाईंनी आत बसलेल्या शेठना हाक मारली आणि भाजी काय करायची विचारावं तशा आवाजात सांगितलं, "आजपासून माझा चौविहार. अन्न नाही, पाणी नाही. मागच्या गल्लीला नळ येईल तेव्हा सोडीन."

तो शुक्रवार. मे महिना, लू सुरू झालेली. "त्यांना उपासाची सवय आहे," असं शेठ त्या दिवशी गिरणीत सगळ्यांना सांगत होते. शनिवारी दुपारी मी काहीतरी निमित्त काढून बंगल्यावर गेलो. राजकुंवरबाई व्हरांड्यातल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. चारपाच हातांवर ते गवत ओलंचिंब, टवटवीत. मला लाज वाटली. वीस वर्षं ऑफिसात काढल्यावर ती वाटत असते हे मी विसरून गेलो होतो. आणि भीती वाटली, की ही बाई गेली तर माझ्या हस्ताक्षराने जाईल.

दिवस कलायच्या आत शेठ स्वतः पायी आमच्या गल्लीत आले. याआधी ते कधी आले नव्हते, घर विचारत यावं लागलं. "नळी काढली," ते म्हणाले. "सवलत नको म्हणून लिहा." मी दोन ओळी लिहिल्या. यावेळी भाषेकडे लक्ष दिलं नाही.

नळ आला तेव्हा सूर्य बुडून गेला होता. अंधार पडल्यावर राजकुंवरबाई पाणीही घेत नाहीत, म्हणून ती रात्रही त्यांनी तशीच काढली. सकाळी इंदिराबाईंनी गल्लीच्या नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, उकळलं, निववलं आणि ऊन अंगणात उतरायच्या वेळी तांब्या घेऊन गेल्या. गल्लीतल्या साताठ बायकाही बरोबर गेल्या. त्या पाण्यावर राजकुंवरबाईंनी उपास सोडला. पुढे गवताला त्या स्वतः अंघोळीचं पाणी घालू लागल्या, बादलीने, आठवड्यातून दोनदा. माझा नियम अक्षरशः पाळणारं गावात ते एकच माणूस.

रविवारचा चहा व्हरांड्यात झाला. गवतावर खुर्च्या टाकायला राजकुंवरबाईंनी अर्जाचाच हवाला देऊन नकार दिला होता. मुंबईच्या साहेबांनी हिरवळीकडे पाहिलंसुद्धा नाही. पंखा कुठे आहे ते विचारलं, आणि जाताना म्हणाले, "हे गवत काढून इथे पत्रे टाका, ट्रकांना सावली होईल."

मीही तिथे उभा होतो, उन्हातच. घरी आलो तेव्हा घसा सुकून गेला होता. कोपऱ्यात तीन घागरी काठोकाठ भरलेल्या.

"जरा पाणी दे," मी म्हणालो.

इंदिराबाईंनी देवळीतून दौत काढली, टाक काढला आणि एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"अर्ज करा," त्या म्हणाल्या. "सबळ कारन लिखा."

मी टाक बुडवला आणि बसून राहिलो. कारण काही सुचेना.